पंचायत समितीसमोरचं टायपिंग सेंटर: इंग्रजी अवतरणचिन्हांपुरता रिव्ह्यू

आपल्या भागात कोटेशन म्हटलं की माणूस आधी ठिबकच्या डीलरकडे पाहतो. शासकीय योजनांच्या महाडीबीटी पोर्टलवर चढवायचा तो दराचा कागद, तेच कोटेशन. इथे विषय वेगळा आहे. इंग्रजी मजकुरात कुणाचं बोलणं किंवा कुठून उतरवलेले शब्द यांच्याभोवती जी अवतरणचिन्हं लागतात, आणि त्यांच्या आत-बाहेर जो स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह बसतं, तेवढ्यापुरतं एका टायपिंग सेंटरचं काम तपासलं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, पंचायत समितीच्या समोर हे दुकान आहे. नाव लिहीत नाही. खाली येणाऱ्या चुका एकट्या त्या दुकानाच्या नाहीत. दर्यापूरपासून देसाईगंजपर्यंत जिथे जिथे कृतिदेव फॉन्टमधलं मराठी आणि इंग्रजी एकाच संगणकावर नांदतात, तिथे याच चुका याच जागी सापडतील.

दुकान तसं साधं. दोन संगणक, एक लेझर प्रिंटर, लाइन गेली तर इन्व्हर्टर. मराठी पानाला २५ रुपये, इंग्रजीला ३०, दुरुस्तीनंतरच्या प्रिंटला ५. सकाळी दिलेली दहा पानं संध्याकाळच्या यष्टीच्या आत हातात मिळतात. टायपिस्ट इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिटाची परीक्षा पास आहे आणि स्पेलिंगमध्ये त्याचा हात क्वचितच चुकतो. अवतरणचिन्हांचं मात्र तसं नाही. नमुन्याचं एक पान दिलं होतं, त्यात संवाद, अर्धवट उतारा, अवतरणातलं अवतरण, प्रश्न, आणि इंचातली मापं असं सगळं मुद्दाम घातलं होतं. परत आलेल्या पानात वर्डमध्ये टाइप केलेली चिन्हं उभी होती, म्हणजे " अशी, आणि मोबाइलवरून पाठवलेल्या तुकड्यातली काही वळलेली, म्हणजे “ ” अशी. एकाच परिच्छेदात दोन्ही. चार ठिकाणी पूर्णविराम मूळ प्रतीपेक्षा वेगळ्या बाजूला गेला होता. “थे वर्डनं आपल्या मनानं केलं जी,” हे काउंटरवरचं उत्तर. निम्मं खरं आहे ते.

खरं कारण कृतिदेव आहे, आणि ते नीट समजून घेतल्याशिवाय या दुकानातून इंग्रजी काम नीट करून घेता येत नाही.

कृतिदेव हा युनिकोड फॉन्ट, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा वेगळा संकेत असलेला फॉन्ट, नव्हे. त्यात इंग्रजी कळांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले आहेत. एकेरी उभ्या चिन्हाची कळ दाबली की अर्धा ‘श’ उमटतो, शिफ्ट धरून तीच कळ दाबली की अर्धा ‘ष’. पुढे काना दिला की अक्षर पूर्ण होतं. म्हणजे कृतिदेवमध्ये ‘शेतकरी’ लिहिताना संगणकाच्या लेखी टायपिस्ट एकेरी अवतरणचिन्ह दाबतो आणि ‘विषय’ लिहिताना दुहेरी. आता वर्डची मूळ सवय अशी, की उभं चिन्ह दाबलं की ते आपोआप वळवायचं. कृतिदेवच्या परिच्छेदात तसं झालं की ‘विषय’मधला ‘ष’ नाहीसा होतो, तिथे एक तिरकं चिन्ह आणि पुढे नुसता काना उरतो. गंमत पाहा, कृतिदेवमध्ये वळलेल्या चिन्हांच्याही जागा उलट्या आहेत: वळलेलं दुहेरी चिन्ह पडद्यावर एकेरी दिसतं आणि वळलेलं एकेरी दुहेरी दिसतं.

ज्याला दिवसाला पन्नास वेळा ‘शासन’, ‘शेती’, ‘विषय’ लिहायचं, तो पहिल्याच आठवड्यात वर्डची ती सोय बंद करतो. बरोबरच करतो. शिवाय वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप मोठं करण्याची सोयही बंद करतो, कारण कृतिदेवमध्ये लहान आणि मोठ्या कळीवर वेगवेगळी अक्षरं आहेत. ही सेटिंग त्या फाइलपुरती नसते, त्या संगणकावर त्या लॉगिनमधल्या सगळ्या वर्डला लागू होते. मग त्याच खुर्चीवर बसून इंग्रजी टाइप केलं की चिन्हं उभी पडणार, आणि वाक्याचं पहिलं अक्षर लहानच राहणार. टायपिस्टला इंग्रजी येत नाही असा शेरा मारणारे गाइड आणि वकील इथे चुकतात.

वळलेली चिन्हं मग आली कुठून? गिऱ्हाइकाच्या व्हॉट्सॲपवरून. अँड्रॉइडच्या जीबोर्डवर टाइप केलेला मजकूर उभी चिन्हं घेऊन येतो, आयफोनवरचा बहुधा वळलेली, कारण त्यात स्मार्ट पंक्चुएशन मुळातच चालू असतं. वेबसाइटवरून उचललेल्या मजकुराचा नेम नाही. आणि वर्डची आपोआप वळवण्याची सोय फक्त टाइप करताना चालते. पेस्ट केलेल्या मजकुराला ती हात लावत नाही. म्हणून सोय चालू असलेल्या दुकानातही पेस्ट केलेला भाग वेगळा दिसतोच.

दुकानात उपाय सांगायचा असेल तर नेमका सांगावा. फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स असं जायचं. तिथे ‘ऑटोफॉरमॅट’ आणि ‘ऑटोफॉरमॅट ॲज यू टाइप’ असे दोन वेगळे टॅब आहेत आणि स्ट्रेट कोट्सच्या जागी स्मार्ट कोट्स टाकण्याची खूण दोन्हीकडे दिसते. टाइप करताना कामाची दुसऱ्या टॅबमधली. पहिल्यात खूण करून “काहीच होत नाही जी” म्हणणारे पुष्कळ. खूण केली की फाइंड अँड रिप्लेस उघडायचं, दोन्ही खान्यांत नुसतं दुहेरी चिन्ह टाकायचं आणि रिप्लेस ऑल दाबायचं, की सगळी उभी चिन्हं वळतात. मग एकेरीचं तसंच.

पण त्याच फाइलमध्ये कृतिदेवचा एकही परिच्छेद असेल तर हे करू नका. सगळे ‘श’ आणि ‘ष’ एका झटक्यात उडतील. शाळेच्या द्विभाषिक पत्रांत आणि प्रतिज्ञापत्रांत हे हमखास घडतं. तिथे शोधायच्या खान्यात मोर, फॉरमॅट, फॉन्ट असं जाऊन टाइम्स न्यू रोमन निवडायचं, म्हणजे बदल इंग्रजी भागापुरता राहतो. काम संपल्यावर खूण पुन्हा काढायची, नाहीतर पुढच्या गिऱ्हाइकाचा सातबाराचा अर्ज बिघडतो. टायपिस्ट सोय चालू करायला नाखूश का असतो, ते यावरून कळतं. त्याहून सोपा मार्ग म्हणजे मराठी वर्डमध्ये आणि इंग्रजी गुगल डॉक्समध्ये. डॉक्समध्ये टूल्स, प्रेफरन्सेस इथे स्मार्ट कोट्सची स्वतंत्र खूण आहे, कृतिदेवच्या वर्डशी तिचा संबंध नाही. लिब्रेऑफिस असेल तर टूल्समधल्या ऑटोकरेक्ट ऑप्शन्समध्ये लोकलाइज्ड ऑप्शन्सचा टॅब पाहावा. मराठीच युनिकोडमध्ये टाइप केलं तर भांडण मुळातच मिटतं, पण या दुकानात अजून तरी कृतिदेवचंच राज्य आहे.

सोय चालू असली तरी वर्ड काही व्याकरण जाणत नाही. चिन्हाच्या आधी मोकळी जागा असेल तर उघडणारं, अक्षर असेल तर मिटणारं, एवढंच त्याला ठाऊक. पुष्कळ टायपिस्ट प्रश्नचिन्हाच्या आधी किंवा मिटणाऱ्या चिन्हाच्या आधी एक स्पेस सोडतात. ती स्पेस पडली की मिटणारं चिन्ह उघडणारं होऊन उलटं बसतं. वर्षाचा आकडा तोडून ’२४ असा लिहिला की तिथे मिटणारं एकेरी चिन्ह हवं असतं, वर्ड उघडणारं देतो. त्यावर युक्ती अशी की कळ दोनदा दाबायची, पहिलं चिन्ह खोडायचं. बोलणं मध्येच तुटलं आणि लांब डॅशनंतर चिन्ह मिटवायचं असेल, तिथेही तेच. नाहीतर ऑल्ट धरून नंबर पॅडवर ०१४७ दाबलं की उघडणारं दुहेरी, ०१४८ ला मिटणारं, ०१४५ आणि ०१४६ ला एकेरी जोडी. लॅपटॉपवर नंबर पॅड नसेल तर हे चालत नाही. इंच-फुटाच्या मापाला मात्र वळलेलं चिन्ह नकोच. पीव्हीसी पाइपचा २" लिहिताना वर्डनं चिन्ह वळवलं की लगेच कंट्रोल झेड दाबायचं, तेवढंच एक चिन्ह पुन्हा उभं होतं.

आता आत की बाहेर, हा मुद्दा. वाद इथेच होतात, आणि दुकानाला दोष देण्याआधी गिऱ्हाइकाने आपण कोणती पद्धत मागतोय ते ठरवलेलं बरं.

अमेरिकन पद्धतीत पूर्णविराम आणि स्वल्पविराम मिटणाऱ्या चिन्हाच्या आतच जातात, मग ते मूळ उताऱ्याचे असोत वा नसोत. ब्रिटिश पद्धतीत विराम मूळ शब्दांचा असेल तर आत, आपल्या वाक्याचा असेल तर बाहेर. कापसाचं उदाहरण घ्या. अमेरिकन: फार्मर्स कॉल कॉटन “व्हाइट गोल्ड.” ब्रिटिश: फार्मर्स कॉल कॉटन ‘व्हाइट गोल्ड’. ब्रिटिश छपाईत बऱ्याचदा बाहेरचं चिन्ह एकेरी आणि आतलं दुहेरी असतं, अमेरिकनमध्ये उलट. अर्धविराम आणि अपूर्णविराम दोन्ही पद्धतींत बाहेर: फार्मर्स कॉल इट “व्हाइट गोल्ड”; द रेट्स से अदरवाइज. इथे दुकानाने अर्धविराम आत घातला होता. ही चूक कोणत्याच पद्धतीत माफ नाही.

प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्ह यांचा निवाडा दोन्हीकडे अर्थाने होतो. प्रश्न बोलणाऱ्याचा असेल तर आत: शी आस्क्ड, “इज द बस लेट?” पुढे पूर्णविराम लावायचा नाही. दुकानाच्या पानावर तो लागला होता, प्रश्नचिन्ह, मिटणारं चिन्ह आणि पुन्हा टिंब. प्रश्न लिहिणाऱ्याचा असेल तर बाहेर: डिड ही से, “द बस इज लेट”? आत आणि बाहेर दोन्हीकडे प्रश्न असेल तर एकच प्रश्नचिन्ह, तेही आत.

पूर्ण वाक्याचा थेट संवाद असेल तर पद्धतींचं भांडण जवळजवळ उरत नाही. ही सेड, “द बस इज लेट.” हे दोन्हीकडे असंच. संवाद आधी आला की शेवटच्या पूर्णविरामाचा स्वल्पविराम होतो आणि तो आतच राहतो: “द बस इज लेट,” ही सेड. बोलणाऱ्याचं नाव मध्ये आलं तर पाहायचं की वाक्य एकच आहे की दोन. “इफ द बस इज लेट,” ही सेड, “वी विल वॉक.” इथे वाक्य एकच, म्हणून दुसरा तुकडा लहान अक्षराने सुरू होतो आणि ‘सेड’नंतर स्वल्पविराम. “द बस इज लेट,” ही सेड. “वी विल वॉक.” इथे वाक्यं दोन, म्हणून ‘सेड’नंतर पूर्णविराम. आणि ‘दॅट’ आलं की त्याच्यापुढे स्वल्पविराम नाही: ही सेड दॅट द बस वॉज “अ लिटल लेट”. डायरेक्ट-इनडायरेक्ट शिकवताना मुलं नेमकी इथे घसरतात, आणि दुकानात टाइप झालेल्या उत्तरपत्रिकेतही स्वल्पविराम तिथेच पडला होता.

मराठीतही विरामचिन्हं इंग्रजीवरूनच आली, एकोणिसाव्या शतकातल्या मेजर थॉमस कँडी या इंग्रज कोशकाराला त्याचं श्रेय दिलं जातं. पण मराठीत आत-बाहेरचा एवढा काच आपण कधी लावून घेतला नाही. म्हणून मराठी डोळ्याला ही चूक दिसतच नाही, टायपिस्टच्याही आणि तपासणाऱ्याच्याही.

कामानुसार दुकानाचा निकाल वेगवेगळा लागतो. शाळेच्या घटक चाचणीच्या प्रश्नपत्रिकेसाठी हे दुकान चक्क चांगलं आहे. ‘विरामचिन्हे द्या’ या प्रश्नात वाक्य मुद्दाम लहान अक्षरांत, चिन्हांशिवाय छापायचं असतं. दुसरीकडे वर्ड पहिलं अक्षर आपोआप मोठं करून उत्तराचा पहिला अर्धा गुण फुकट वाटतो. इथे ती सोय बंद असल्याने वाक्य जसं दिलं तसं येतं. उभी चिन्हं प्रश्नपत्रिकेत कुणी मोजत नाही.

प्रतिज्ञापत्रासाठी ठीक, पण एक गोष्ट सांगूनच. नावातल्या फरकाचं प्रतिज्ञापत्र असेल, टीसीवर एक नाव आणि आधारवर दुसरं, तर अवतरणात फक्त नोंदीतलं नाव घालायचं. स्वल्पविराम, पूर्णविराम बाहेर. अशा ठिकाणी अवतरणातलं प्रत्येक टिंब नोंदीचा भाग समजलं जाऊ शकतं, तिथे अमेरिकन नियम लावण्यात अर्थ नाही. गट नंबर, पासवर्ड, फाइलचं नाव यांनाही हेच लागू. दुकानदार याबाबतीत शहाणा आहे: “काकाजी, एक डाव साध्या कागदावर पाहून घ्या, मंग स्टॅम्पवर मारू.” ५ रुपयांची ती प्रिंट घ्यावीच, स्टॅम्प वाया जाण्यापेक्षा स्वस्त.

शोधप्रबंधाचं काम इथे द्यायचं तर तयारीनिशी द्यावं. विद्यापीठ अमरावती असो, नागपूर असो की गोंडवाना, संदर्भ देण्याची शैली एमएलए की एपीए ते गाइडकडून आधी लिहून घ्यावं आणि टायपिस्टला एक छापील नमुना पान द्यावं, तोंडी सांगून भागत नाही. दोन्ही शैली अमेरिकन, त्यामुळे पूर्णविराम आत. पण संदर्भाचा कंस आला की पूर्णविराम कंसानंतर जातो: “व्हाइट गोल्ड” (पाटील ४५). दुकानाने तो चिन्हाच्या आत ठेवून कंसानंतर दुसराही दिला होता. लांब उतारा वेगळा काढायचा असेल, एमएलएमध्ये गद्याच्या चार ओळींपेक्षा जास्त, एपीएमध्ये ४० शब्द किंवा त्याहून जास्त, तर डावीकडे अर्धा इंच आत सरकवायचा आणि अवतरणचिन्हं काढून टाकायची. तिथे मात्र पूर्णविराम आधी, कंस नंतर. टायपिस्टने उतारा सरकवला आणि चिन्हंही ठेवली, ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. वेगळा न काढता सलग अनेक परिच्छेदांचं अवतरण द्यायचं असेल तर प्रत्येक परिच्छेदाच्या सुरुवातीला उघडणारं चिन्ह, मिटणारं फक्त शेवटच्याच्या शेवटी. दुकानाने प्रत्येक परिच्छेद मिटवून टाकला, वाचणाऱ्याला बोलणारा दर वेळी बदलला असं वाटतं.

अवतरणातलं अवतरण शेवटी एकत्र मिटलं तर अमेरिकन पद्धतीत आधी एकेरी, मग दुहेरी. टाइप करताना घाईत तीन एकेरी चिन्हं दाबली जातात, छापल्यावर फरक कळत नाही, शोधताना कळतो.

फ्लेक्सचं कामही इथेच होतं. मराठी फलकावर नावाला अवतरणं लावायची आपली जुनी हौस आहे आणि तिने कुणाचं बिघडत नाही. इंग्रजीत “फ्रेश” किंवा “प्युअर” असं लिहिलं की वाचणाऱ्याला त्या ताजेपणाची शंका येते. इंग्रजी फलकावर जोर द्यायचा तर अक्षर जाड करून घ्या.

प्रिंट घेण्याआधी काउंटरवर पाच मिनिटं मागून घ्या. कंट्रोल एफ दाबून दुहेरी चिन्ह शोधायला सांगा, वर्ड एकूण आकडा दाखवतो आणि त्यात उभी-वळलेली दोन्ही मोजतो. आकडा विषम आला तर कुठेतरी एक चिन्ह सुटलंय, अनेक परिच्छेदांचं अवतरण आणि इंचाची मापं सोडून. नुसती उभी शोधायची तर ^०३४ टाकायचं, एकेरी उभ्यांसाठी ^०३९. आकडे अर्थात इंग्रजी कळांनीच दाबायचे. उघडणारी ^०१४७ ने आणि मिटणारी ^०१४८ ने मोजली की दोन्ही आकडे जुळायला हवेत. शेवटी मिटणारं चिन्ह आणि त्यापुढे स्वल्पविराम अशी जोडी शोधा, मग पूर्णविरामाची. अमेरिकन पद्धतीच्या कामात या जोड्या शून्य निघाल्या पाहिजेत, ब्रिटिश पद्धतीत निघतील पण प्रत्येक पाहावी लागेल. हे सगळं पडद्यावरच करा. टोनर फिका असला की छोट्या कॅलिब्रीत उभं कोणतं नि वळलेलं कोणतं ते कागदावर ओळखू येत नाही, टाइम्स न्यू रोमन १२ मध्ये जरा बरं दिसतं.

पाचपैकी गुण द्यायचे तर प्रश्नपत्रिकेला साडेचार, प्रतिज्ञापत्राला साडेतीन, शोधप्रबंधाला दोन. वरची तपासणी स्वतः उभं राहून करून घेतली तर प्रबंधालाही साडेतीन मिळतात, टायपिस्ट न कुरकुरता दुरुस्त करून देतो. बाजाराच्या दिवशी जाऊ नका, त्या दिवशी खुर्ची दाखले आणि अर्जांची असते.